इसब, त्वचेतील एन्झाइम आणि उसवलेले टाके

प्रश्न : माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. ती वर्षाची असल्यापासून तिला इसब आहे. आधी ते गालांवर होते, आता कोपरांच्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या मागे आहे. यंदा दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर ते एकदम उफाळले. रात्री झोपेत खाजवून ती रक्त काढते. सासूबाई तिला जन्मापासून सरसोंच्या तेलाने मालिश करून बेसनाने आंघोळ घालतात, त्यानंतर मी साबण लावते. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती. ती लावली की आठवड्यात बरे वाटते आणि थांबवली की दुपटीने उठते. नातेवाईक म्हणतात की रक्त अशुद्ध आहे, म्हणून दूध, दही, अंडे आणि वांगे बंद केले आहे. एका डॉक्टरांनी सांगितले की तिच्या त्वचेतील एन्झाइमचा तोल गेला आहे आणि त्वचेचे आवरण कमजोर आहे. मग तिला एन्झाइमचे सिरप द्यावे का? पपईचे एन्झाइम असलेले क्रीम मिळते, ते लावावे का? धाकटा मुलगा दीड महिन्याचा आहे, त्याला हे होऊ नये म्हणून आतापासून काही लावावे का? शाळेत मुले तिचा हात धरत नाहीत, याचे सर्वांत वाईट वाटते.
— एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या थेट प्रश्नाचे उत्तर आधी देते. एन्झाइमचे सिरप मुलीला देऊ नका आणि पपईचे क्रीम तिच्या त्वचेला लावू नका. डॉक्टरांनी सांगितले ते खरे आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावला त्याच्या जवळजवळ उलट आहे. तोल गेला म्हणजे काहीतरी कमी पडले आणि ते बाहेरून भरून काढावे, असे कोणत्याही आईला वाटेल. इसबाच्या त्वचेत मात्र काही एन्झाइम गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करीत असतात. सिरपमधले एन्झाइम अन्न पचवण्यासाठी असतात, ते पोटातच पचून जातात आणि त्वचेपर्यंत पोचत नाहीत. पपईतले पपेन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम आहे. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई वाटून लावतात, ती याच गुणामुळे. ज्या गुणाने मांसाचे धागे सुटतात, त्याच गुणाने मुलीची आधीच उसवलेली त्वचा आणखी उसवेल.

उसवणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण त्वचेच्या बाहेरच्या थरात जे चालते ते गोधडीवरून चांगले समजते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर वहीच्या कागदापेक्षाही पातळ असतो, पण तेवढ्यात चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. शेजारच्या आणि वरखालच्या पेशी प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात, आणि पदरांच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध अस्तर असते, ज्यामुळे आतले पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरची धूळ, जंतू, साबण आत शिरत नाहीत. रोज साधारण एक पदर वरून गळतो आणि खालून नवा तयार होतो, त्यामुळे दोनेक आठवड्यांत ही गोधडी पूर्ण बदलते. वरचा पदर गळायचा तर त्याचे टाके कोणीतरी कापायला हवेत, आणि ते काम त्वचेतले एन्झाइम करतात. त्यांतले प्रमुख दोन म्हणजे कॅलिक्रीन-5 आणि कॅलिक्रीन-7. म्हणजे ते शत्रू नव्हेत. ते नसते तर मेलेल्या पेशींचे थर साचून त्वचा खवल्यांसारखी झाली असती. प्रश्न फक्त त्यांनी किती आणि कुठे कापावे एवढाच आहे.

त्यांच्यावर पहारा ठेवण्यासाठी त्वचा स्वतःच लेक्टी नावाचे एक प्रथिन बनवते. हा पहारा किती महत्त्वाचा आहे हे एका दुर्मीळ आजारावरून कळले. नेदरटन सिंड्रोम या जन्मजात आजारात मुलांची त्वचा लालबुंद आणि सतत सोललेली असते, केस बांबूच्या पेरांसारखे गाठाळ आणि ठिसूळ असतात, आणि ॲलर्जी तीव्र असते. 2000 साली असे लक्षात आले की या मुलांमध्ये लेक्टी बनवणारे स्पिंक-5 हे जनुकच निकामी असते. पहारेकरी नाही, म्हणून कात्री मोकाट सुटते आणि टाके वेळेआधीच, खालच्या पदरांपर्यंत कापले जातात. तुमच्या मुलीला हा आजार नाही. तुम्ही वर्णन केलेले तिचे इसब नेहमीचेच आहे, पण त्यातही तीच कात्री सौम्य प्रमाणात बेताल झालेली असते.

आता तुमच्या घरात रोज घडणाऱ्या गोष्टीकडे येते. ही कात्री किती वेगाने चालते ते त्वचेच्या आम्लतेवर अवलंबून असते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. शाळेच्या पुस्तकात ज्याला सामू म्हणतात, तो इथे साधारण साडेचार ते साडेपाच असतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये या आम्ल आवरणाचे वर्णन केले, पण त्याचा एन्झाइमशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला पुढची कित्येक दशके लागली. टाके कापणाऱ्या एन्झाइमना सात-आठ सामू मानवतो, आंबट वातावरणात ते सुस्तावतात. याउलट पदरांमधले सिरॅमाइडचे अस्तर तयार करणाऱ्या एन्झाइमना आंबट वातावरणच लागते. त्यामुळे सामू वर गेला की एकाच वेळी दोन नुकसान होतात : कापणारे जोरात येतात आणि बांधणारे मंदावतात. भरीला, बेताल झालेले कापणारे एन्झाइम या बांधणाऱ्या एन्झाइमनाही तोडू लागतात. मला विचाराल तर इसबाची निम्मी गोष्ट एवढ्यात येते, आणि हे एकदा मनात बसले की काय करावे आणि काय टाळावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

आपल्या नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. माझ्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहू शकता. चिमूटभर हळद पाण्यात कालवून एका पांढऱ्या सुती चिंधीला लावा आणि वाळू द्या. मग तिच्यावर मुलीच्या साबणाचा ओला फेस बोटाने टेकवा. पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होत जाईल. हळदीचा डाग पडलेले कपडे धुताना हे तुम्ही शंभरदा पाहिले असेल, आणि हळदीचे कुंकू करतानाही तिच्यातला हाच गुण वापरला जातो. अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होते. हाच फेस त्वचेवरही अल्क सोडून जातो. धडधाकट त्वचा काही तासांत आपली आम्लता परत मिळवते. इसबाच्या त्वचेला ते नीट जमत नाही, आणि तिची उभारी येण्याआधी दुसऱ्या दिवशीची आंघोळ येते. आंघोळीच्या वड्यांपैकी काही प्रत्यक्षात साबण नसतात, त्यांना सिंडेट म्हणतात. साडेपाचच्या आसपास सामू असलेली सिंडेट वडी किंवा द्रव मिळतो, तो हळदीला लाल करत नाही. हळदीची चाचणी फक्त अल्क दाखवते, त्वचेच्या नेमक्या आम्लतेचे माप सांगत नाही. तरी मुलीसाठी घरात आलेली वडी लाल डाग पाडते की नाही, एवढे कळण्यासाठी ती पुरेशी आहे. वेष्टनावर बाळाचे चित्र आहे म्हणून वडी सौम्य असेल असे मानू नका, आणि जंतुनाशक वड्या तर दूरच ठेवा. माझ्या डॉक्टरकीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः अशा मुलांना जंतुनाशक साबण लिहून देत असे आणि आईने तो दोन वेळा लावला की समाधान मानत असे. त्या मुलांच्या त्वचेचे मी काय केले हे आज आठवले की मन खिन्न होते, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

खाज का येते, हेही यातच आहे. जे एन्झाइम टाके कापतात, तेच त्वचेच्या पेशींवर आणि मज्जातंतूंच्या टोकांवर असलेल्या पार-2 नावाच्या ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चाळवतात. त्यातून खाज आणि दाह दोन्ही सुरू होतात, स्निग्ध अस्तराची भर थांबते, आणि मूल खाजवते तेव्हा नखांनी उरलेले पदरही जातात. उघड्या जागेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू ठाण मांडतात, आणि ते स्वतःचे प्रथिने तोडणारे एन्झाइम घेऊन येतात. अंथरुणातल्या धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेतही असेच एन्झाइम असते. त्यामुळे "नुसती सवय आहे, खाजवू नको म्हणून दटावा" हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. चार वर्षांच्या मुलीच्या इच्छाशक्तीने ती खाज थांबणार नाही. नखे दर तीन-चार दिवसांनी कापा आणि कडा घासून गोल करा, तेवढे पुरे.

या सगळ्याच्या मुळाशी बहुधा जन्मजात कारण असते. 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते. फिलॅग्रिन आधी पेशीला चपटी आणि घट्ट करते, आणि नंतर स्वतः त्याचे तुकडे होऊन त्यांतून पाणी धरून ठेवणारी आणि त्वचेला आंबट ठेवणारी द्रव्ये तयार होतात. म्हणजे ते कमी असले की कोरडेपणा आणि वाढलेला सामू एकदमच पदरात पडतात. मुलीचा तळहात उजेडात धरून पाहा. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर रेषांचे दाट, खोल जाळे दिसले, आणि पोटऱ्यांवर माशाच्या खवल्यांसारखा कोरडेपणा असला, तर फिलॅग्रिन कमी असण्याची शक्यता आहे. तुमचा आणि तिच्या वडिलांचाही तळहात पाहा, पुष्कळदा तो वारसा तिथेच सापडतो. सगळ्याच इसबाच्या मुलांत हा बिघाड नसतो. पण तो नसला तरी दाहातून निघणारी रसायने चांगल्या जनुकाचेही काम दाबतात, म्हणून दाह शमवणे हा आवरण दुरुस्त करण्याचाच भाग आहे. यात अशुद्ध रक्ताला कुठेच जागा नाही. तिचे रक्त शुद्ध आहे, आणि तुमच्या गरोदरपणातल्या खाण्यापिण्याचाही यात दोष नाही.

आता सासूबाईंच्या तेलाविषयी. हे लिहिताना मला जपून लिहावे लागते आहे, कारण चार वर्षे न कंटाळता नातीला मालिश करणाऱ्या आजीच्या मायेला यात उणे आणायचे नाही. आपल्या भागात, मुरैना-भिंडच्या शेतांनी वेढलेल्या ग्वाल्हेरात, सरसोंचे तेल घरोघरी असते, आणि महाराष्ट्रातून पिढ्यांपूर्वी आलेल्या आपल्या घरांनीही ते आपलेसे केले आहे. मात्र हे तेल तापताना डोळ्यांत पाणी आणणारा जो झणका येतो, तो ज्या द्रव्याचा असतो तेच त्वचेला चुरचुरवते. जुन्या काळी छाती भरली की मोहरीचा लेप लावीत आणि कातडी लाल होई, ती याच द्रव्याने. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या त्वचेवर मोहरीच्या तेलाने आवरणाची दुरुस्ती लांबली, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर झाली. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यात नवजात बाळांवर ही दोन्ही तेले पडताळून पाहिली, तेव्हा पहिल्या आठवड्यात सूर्यफुलाच्या तेलाने मालिश केलेल्या बाळांची त्वचा लवकर आंबट झाली, म्हणजे जी आम्लता आपल्याला हवी तीच. आजीचा हात थांबवू नका, फक्त वाटीतले तेल बदला. सुवास न घातलेले सूर्यफुलाचे किंवा शुद्ध खोबरेल तेल द्या, आणि लाल, ओलसर किंवा फुटलेल्या जागी चोळणे टाळा. ऑलिव्हचे तेल महाग म्हणून चांगले असा समज आहे. त्यात ओलिक आम्ल भरपूर असते, ते पदरांमधले अस्तर विस्कटते, म्हणून इसबावर ते नको.

बेसन आणि उटणे यांच्याबाबत मी सासूबाईंची समजूत घालण्याची अवघड कामगिरी तुमच्यावर सोपवते. बेसन साबणाइतके अल्कधर्मी नाही, हे त्याच्या बाजूने बोलायलाच हवे. पण ते काढताना चोळावे लागते, आणि चोळण्याने उसवलेले पदर निघून येतात. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. फुटलेल्या त्वचेतून खाण्याच्या पदार्थाचे प्रथिन आत गेले, तर शरीर त्याला अन्न न मानता आक्रमण मानू शकते. जपानमध्ये गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे असलेला एक चेहरा धुण्याचा साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, आणि त्यांतले बहुतेक त्याआधी रोज बिनदिक्कत गहू खात होते. उटण्यात तर मसूर, चंदन, नागरमोथा, कचोरा आणि वर सुगंध असे पाच-सात पदार्थ एकत्र असतात. तुमच्या मुलीच्या दिवाळीच्या दिवसाचे मी जे चित्र पाहते ते असे आहे : पहाटेची थंडी, अंगभर झणझणीत तेल, खरखरीत उटणे, ते निघावे म्हणून साबण दोनदा, कढत पाणी, आणि वर नव्या कपड्यांची खळ. पुढच्या दिवाळीत पाटावर बसवून ओवाळा, सोसेल असे सूर्यफुलाचे तेल लावा, आणि उटण्याचे एक बोट फक्त तिच्या पायाच्या नखाला लावून शास्त्र पूर्ण करा.

आंघोळ रोज घालायला हरकत नाही. पाणी कोमट असावे, आपल्या कोपराला जेमतेम ऊब लागेल इतके, आणि पाच-दहा मिनिटांत आटपावे. सिंडेट फक्त काखा, जांघा, तळपाय आणि मळलेल्या जागी लावा, बाकी अंगाला पाणी पुरते. तिघ्रा धरणाचे पाणी न येता बोअरचे खारे पाणी येत असेल, तर त्यात साबणाचा साका त्वचेवर जास्त साचतो, म्हणून साबण सोडणे आणखी महत्त्वाचे. मात्र पाणी मृदू करणाऱ्या महागड्या यंत्राच्या मागे लागू नका. ब्रिटनमध्ये 336 मुलांवर ते तपासले गेले आणि 2011 मध्ये निकाल आला की इसबात फरक पडला नाही.

अंग टॉवेलने टिपा, पुसू नका. अंगावर थोडा ओलावा असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम लावा. इथे जवळजवळ प्रत्येक घर कमी पडते, आणि चूक दर्जाची नसते, प्रमाणाची असते. सुवास नसलेले, घट्ट मलम लहान मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत लागू शकते. तुमच्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर मलम लावलेच जात नाही असे समजा. एवढे महाग मलम परवडत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिला साधे उत्तर आहे : पांढरे पेट्रोलियम जेली. त्वचेतून उडून जाणारे पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचे दुसरे क्वचितच आहे, ते पदरांच्या मधल्या जागेतही शिरते, आणि त्यात सुवास किंवा परिरक्षक नसल्यामुळे चुरचुरत नाही. सिरॅमाइडयुक्त मलम परवडत असेल तर जरूर घ्या, पण ते नाही म्हणून हळहळू नका. केसांच्या दिशेने, वरून खाली, चोळल्याशिवाय पसरा. दिवसातून दोनदा, आणि थंडीत तिसऱ्यांदा. मे-जूनमध्ये लू सुटते तेव्हा जेलीखाली घाम कोंडून पुरळ येते, त्या दोन महिन्यांत हलके क्रीम वापरा.

एक इशारा यासोबत द्यायलाच हवा. जेलीसारखी स्निग्ध द्रव्ये मुरलेले कपडे आणि अंथरूण चटकन पेट घेतात. थंडीत शेगडीजवळ, देवघरातल्या समईजवळ आणि फटाक्यांच्या वेळी मुलीला जपा, आणि तिचे कपडे गरम पाण्याने वेगळे धुवा. स्वेटरच्या आत सुती बंडी घाला, लोकर थेट अंगाला लागू देऊ नका.

ट्यूबबद्दल बोलताना मला राग आवरावा लागतो, आणि तो तुमच्यावर नाही. तुम्ही नाव लिहिले नाहीत, पण वर्णनावरून ती तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेली ट्यूब असावी असे मला वाटते. तिच्या खोक्यावर क्लोबेटासॉल हे नाव आहे का ते पाहा. हे सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक आहे, ते चार वर्षांच्या मुलाच्या घड्यांमध्ये, जिथे त्वचा मुळात पातळ असते आणि औषध जास्त मुरते, तिथे लावण्याचे नव्हे. बरे वाटते ते खरेच वाटते, कारण दाह दबतो. पण असे औषध लांबले तर पदरांमधले स्निग्ध अस्तरही तयार होणे मंदावते, त्वचा विरते, आणि थांबवल्यावर दुपटीने उठते. याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा मात्र कृपा करून काढू नका. भीतीपोटी दाह महिनोन्‌महिने तसाच ठेवणाऱ्या घरांतली मुले मी जास्त पाहते. सौम्य ते मध्यम दर्जाचे स्टेरॉइड मलम, डॉक्टरांनी ठरवलेले, दिवसातून एकदा, लाली आणि खडबडीतपणा दोन्ही जाईपर्यंत लावले तर ते सुरक्षित असते. माप असे : ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती तुमच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्वचा साफ झाल्यावर पुन्हा पुन्हा तिथेच उठत असेल, तर नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस लावत राहण्याची पद्धत आहे, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा. चेहरा आणि घड्या यांसाठी टॅक्रोलिमसचे 0.03 टक्के मलमही दोन वर्षांवरील मुलांना देतात. त्यात स्टेरॉइड नसते, पहिले काही दिवस थोडी जळजळ होते, ती पुढे कमी होते. हातातली ट्यूब मात्र आजच फेकून देऊ नका. ती सोबत नेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण किती दिवस काय लावले हे त्यांना कळायला हवे. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग असतो.

बंद केलेले दूध, दही आणि अंडे परत सुरू करण्याबद्दल त्याच भेटीत बोला. पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा उलटी होणे असे कधी घडले असेल तर ते आधी सांगा आणि घरी प्रयोग करू नका. तसे काही घडले नसेल, तर तिला या पदार्थांपासून दूर ठेवण्यात तोटाच आहे. वाढीचे प्रथिन जाते, आणि दीर्घकाळ न खाल्लेल्या पदार्थाची ॲलर्जी नंतर जडण्याचा धोका इसबाच्या मुलांमध्ये असतो. वांगे तिला आवडत असेल तर खुशाल खाऊ द्या.

धाकट्या बाळाचे उत्तर मला जसे हवे होते तसे नाही. आवरण कमजोर असल्याने इसब होत असेल, तर जन्मापासून मलम लावून ते टाळता येईल, असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. ब्रिटनमध्ये घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या 1394 बाळांवर हे वर्षभर करून पाहिले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, दोन वर्षांच्या वयात मलम लावलेल्यांपैकी 23 टक्के आणि न लावलेल्यांपैकी 25 टक्के बाळांना इसब होते, म्हणजे फरक पडला नाही, उलट मलमाच्या गटात त्वचेचे संसर्ग थोडे अधिक दिसले. म्हणून बाळाला साबण आणि सरसोंचे तेल न लावणे एवढेच करा. कोरडेपणा दिसला तर मलम लावा, नाहीतर त्याला मोकळे असू द्या.

काही गोष्टी दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मधाच्या रंगाच्या खपल्या, पू किंवा ऊब वाढली तर जंतुसंसर्ग आहे. एकसारख्या आकाराचे बारीक फोड झपाट्याने पसरले, ते फुटून कागदाला पंचने भोक पाडावे तसे खड्डे पडले आणि ताप आला, तर ते हर्पीस या विषाणूचे असू शकतात, त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घरात कोणाच्या ओठावर हर्पीसचा, म्हणजे ताप उतल्याचा, फोड आला असेल, तर त्या व्यक्तीने तो वाळेपर्यंत मुलीचा पापा घेऊ नये.

शाळेबद्दल. इसब संसर्गजन्य नाही, स्पर्शाने, टॉवेलने किंवा डब्याने ते दुसऱ्याला होत नाही, आणि हे वाक्य डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण आईच्या तोंडचे वाक्य इतर पालकांना पटत नाही. ती चिठ्ठी वर्गशिक्षिकेला द्या आणि मलमाची छोटी डबी मुलीच्या दप्तरात ठेवा. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेने, सगळ्या मुलांच्या समोर, तिच्या दोन्ही कोपरांना स्वतःच्या हाताने मलम लावावे, अशी विनंती करा. ज्या हाताला बाई हात लावतात, तो हात धरायला चार वर्षांची मुले फार दिवस बिचकत नाहीत, हे मी दवाखान्यात आलेल्या कितीतरी आयांकडून ऐकले आहे.